कॅनडातले फुकटचे इंग्रजी वर्ग: जावं का, आणि गेलात तर कुठल्या पातळीत बसावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एक बाई, बी.कॉम., पतपेढीत बरीच वर्षं नोकरी केलेल्या, 'नवऱ्याच्या पीआरवर' (पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना) काही महिन्यांपूर्वी ओंटारिओतल्या मिसिसागाला आल्या. शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, बऱ्यापैकी समजतं, पण समोरचा बोलायला लागला की त त प प होतं. घरात तीन वर्षांची मुलगी आणि सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या पाहुणा-व्हिसावर, आलेल्या सासूबाई. ओळखीतले लोक सांगतात की सरकारी फुकटचे वर्ग म्हणजे टाइमपास, तिथे एबीसीडी शिकवतात, त्यापेक्षा पैसे भरून स्पोकन इंग्लिश लावा. नवरा म्हणतो यूट्यूब बघ. त्यांना विचारायचंय की या वर्गांना जावं का, कुठल्या पातळीत बसावं, किती दिवसांत बोलता येईल, आणि सासूबाईंनाही नेता येईल का.

मी ओंटारिओत हेच वर्ग बरीच वर्षं शिकवते, त्यामुळे माझं मत थोडं आपल्याच दुकानाकडे झुकणार हे धरून वाचा. जा, आणि लवकर जा. मात्र पातळी ठरवताना तुमच्या वाचनावर जाऊ नका, बोलण्यावर जा. आपल्याकडच्या शिकलेल्या मंडळींचा घोळ होतो तो बहुतेक वेळा इथेच.

आधी एक दुरुस्ती. 'नवऱ्याच्या पीआरवर' असं काही नसतं. अर्ज त्यांच्या नावाने झाला असेल, पण तुमचं पीआर तुमचं स्वतंत्र आहे, कार्डावर नाव तुमचं आहे, आणि या वर्गात बसायचा हक्कही तुमचा आहे. हे मुद्दाम सांगते, कारण नाव नोंदवायला आलेल्या आपल्या बायका पहिलं वाक्य 'माय हजबंड इज हिअर ऑन...' असं सुरू करतात.

तुमची अडचण कुठून आली तेही बघा. 'फेडरल स्किल्ड वर्कर' या कुशल कामगारांच्या योजनेतून येणाऱ्या मुख्य अर्जदाराला इंग्रजीची परीक्षा देऊन सीएलबी ७, म्हणजे इथल्या भाषेच्या पायऱ्यांपैकी सातवी, गाठावी लागते, म्हणजे आयेल्ट्समध्ये चारही भागांत किमान ६. जोडीदाराला ती सक्ती नाही. दिली तर काही जास्तीचे गुण मिळतात, नाही दिली तरी अर्ज अडत नाही. त्यामुळे एकाच विमानातून उतरलेल्या नवरा-बायकोत एकाचं इंग्रजी घासून तपासलेलं असतं आणि दुसऱ्याचं कोणी विचारलेलंही नसतं. त्यात आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्यांची पाचवीत एबीसीडीशी गाठ पडली, आणि पुढे दहावीपर्यंत धडे, स्पेलिंगं आणि उत्तरांचं पाठांतर. वर्गात इंग्रजीतून तोंड उघडायची वेळ कोणावर फारशी आलीच नाही. त्यामुळे वाचता येतं आणि बोलता येत नाही, यात तुमच्या डोक्याचा काही दोष नाही.

हे वर्ग १९९२ साली सुरू झाले. पूर्ण नाव 'लँग्वेज इन्स्ट्रक्शन फॉर न्यूकमर्स टू कॅनडा', पण सगळे 'लिंक' म्हणतात. त्याआधी केंद्र सरकारचं भाषाशिक्षण मुख्यतः नोकरीच्या बाजारात उतरणाऱ्यांसाठी होतं, म्हणजे व्यवहारात घरातल्या कर्त्या माणसासाठी. बायका घरी राहिल्या. त्यावर टीका झाली, आणि नव्या योजनेत मुलं सांभाळायची सोयही आली. तुमच्यासारखी बाई या वर्गाला चुकून आलेली नसते. वर्ग काढले त्यात तुमचा विचार होता.

प्रवेश कोणाला? पीआर असलेल्यांना, आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांना. स्टुडंट व्हिसा, वर्क परमिट, व्हिजिटर यांना लिंक नाही. आणि आपल्या लोकांना उशिरा कळणारी गोष्ट ही की नागरिकत्व घेतलंत की लिंकचा हक्क संपतो. पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि आपली मंडळी त्या बाबतीत घड्याळ लावून बसलेली असतात. मधली वर्षं मूल लहान आहे, हिवाळा फार आहे, घर बदलायचंय अशी जातात. मग शपथ घेतल्यावर बाई चौकशीला येतात, आणि त्यांना लिंकच्या वर्गात घेता येत नाही. ओंटारिओत त्यांच्यासाठी स्कूल बोर्डांचे प्रांतिक खर्चाने चालणारे ईएसएल (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारे) वर्ग आहेत, ते चांगले आहेत आणि दार पूर्ण बंद होत नाही. पण पर्याय कमी होतात. शिवाय कोणत्या पातळ्यांना पैसा द्यायचा, कोणाला किती वर्षं सेवा द्यायची हे ओटावात, केंद्र सरकारकडे, बदलत असतं. वरच्या पातळ्यांच्या जागांवर कात्री लवकर पडते. म्हणून 'मुलगी शाळेत गेली की बघू' हा बेत मला पसंत नाही.

आता पातळीचं. इथे सगळं 'कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क्स' म्हणजे सीएलबीवर चालतं. एकूण १२ पायऱ्या. १ ते ४ सुरुवातीच्या, ५ ते ८ मधल्या, ९ ते १२ वरच्या. लिंक यातल्या खालच्या आणि मधल्या पायऱ्यांवर असतं. थेट वर्गात जाऊन बसता येत नाही. आधी असेसमेंट सेंटरला वेळ घेऊन जावं लागतं, तिथे ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी चार कौशल्यं वेगवेगळी तपासतात. पैसे लागत नाहीत. दोन-चार तास हाताशी ठेवा. निकालाच्या कागदावर एक आकडा नसतो, चार असतात, आणि मराठी माध्यमातल्या पदवीधर बाईच्या कागदावर ते साधारण असे दिसतात: वाचन ६, लेखन ५, ऐकणं ४, बोलणं ४. कधी बोलणं ३ सुद्धा.

आपल्या लोकांना हा कागद म्हणजे दहावीचा निकाल वाटतो. कमी आकडा दिसला की चेहरा पडतो, 'मी ग्रॅज्युएट आहे, मला वर बसवा' अशी गळ घातली जाते. काही जण येताना नवऱ्याला घेऊन येतात आणि तोच उत्तरं द्यायला लागतो (असेसर त्याला बाहेर बसवतात, हे बरं करतात). काही जण आदल्या रात्री 'अबाउट मायसेल्फ' पाठ करून येतात. पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. असेसर मध्येच एक साधा प्रश्न टाकतात, 'काल संध्याकाळी काय केलंत', की गाडी रुळावरून घसरते. तयारी करू नका. हे पास-नापास नाही, कपड्याचं माप घेण्यासारखं आहे. पोट आत ओढून माप दिलं तर कपडा कोणाला घट्ट होणार?

वर बसवून घेतलंत तर काय होतं ते मी दर सत्रात बघते. वाचनाच्या जोरावर सीएलबी ५-६च्या वर्गात आलेली बाई कागदावरचं सगळं अचूक सोडवते, शेजारणीला व्याकरण समजावते, आणि गटात बोलायची वेळ आली की पेनाशी चाळा करत बसते. सगळे वेगाने बोलतात, तिची वाक्यं मनात तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दोन महिन्यांनी ती यायची बंद होते आणि 'फुकटच्या वर्गात काही शिकवत नाहीत' असं सांगत फिरते. तुम्हाला तसं सांगणाऱ्यांत अशा काही असतील. असेसरला स्पष्ट सांगा: 'प्लीज प्लेस मी बाय माय लिसनिंग अँड स्पीकिंग.' वर्गात सोप्या वाचनाचा कंटाळा आला तर येऊ द्या. तो वेळ मोकळा मिळाला म्हणजे डोकं बोलण्याला देता येतं.

आणि 'तिथे एबीसीडी शिकवतात' हे अर्धं खरं आहे. ज्यांना स्वतःच्याच भाषेत लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी वेगळे साक्षरता वर्ग असतात, तिथे खरंच पेन धरण्यापासून सुरुवात असते. अफगाणिस्तानातून आलेल्या, कधी शाळाच न पाहिलेल्या आजी तिथे असतात, आणि त्यांना शिकवणं हे माझ्या मते या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम आहे. तुम्हाला तिथे कोणी बसवणार नाही.

वर्गात नेमकं काय चालतं ते एका उदाहरणाने सांगते. सीएलबी ४च्या आसपास एक काम हमखास असतं: मूल आजारी आहे, शाळेला फोन करून निरोप ठेवा. मी फोनचा रेकॉर्ड केलेला संदेश लावते. 'गैरहजेरी कळवण्यासाठी १ दाबा', मग बीप. निरोपात मुलाचं नाव, इयत्ता, शिक्षकांचं नाव, कारण, कधी परत येणार आणि तुमचा नंबर यायला हवा. आपल्याकडची शिकलेली बाई काय करते? आधी वहीत पूर्ण परिच्छेद लिहून काढते, 'विथ रिस्पेक्ट आय वुड लाइक टू इन्फॉर्म यू' पासून. बीप वाजतो, ती वाचायला लागते, आणि नंबरापर्यंत पोचायच्या आत वेळ संपते. तिच्या शेजारी इरिट्रियाची मुलगी असते. तिचं व्याकरण सगळं मोडकं, पण 'हॅलो, माय सन सिक, फीवर, ही नो कम टुडे, ही कम वेन्सडे', नाव, नंबर, झालं. गुण कोणाला? काम पूर्ण झालं का, हा पहिला निकष. त्या मुलीचं झालं. व्याकरणाचा रकाना वेगळा असतो, तिथे तिला कमी मिळतात. पण शाळेला निरोप मिळाला.

हे पाहून आपल्या बायका नाराज होतात. 'मॅडम, तुम्ही माझं हॅज-हॅव दुरुस्तच केलं नाहीत.' करते, पण तेव्हाच्या तेव्हा नाही. तुमच्या घशात अडकलेलं बोलणं बाहेर येत असताना मी दर शब्दाला टोकलं तर ते परत आत जाईल. आपल्या शाळेत नेमकं हेच झालेलं असतं.

अशी कामं घरमालकाला हीटिंग बंद पडल्याचं सांगणं, डॉक्टरच्या सूचना ऐकून टिपणं, कचऱ्याचं वेळापत्रक वाचणं, पगाराच्या स्लिपवरची वजावट समजून घेणं अशी सगळीकडे पसरलेली असतात. प्रत्येक कामाचा तपासलेला कागद एका जाड बाइंडरमध्ये लावायचा. प्रत्येक कौशल्याचे पुरेसे पुरावे जमले की बऱ्याच वर्गांत त्यावरून वरची पातळी ठरते. हा बाइंडर नीट सांभाळा. ऐकणं आणि बोलणं या दोन्हीत सीएलबी ४ पूर्ण झाल्याचं लिंकचं प्रमाणपत्र नागरिकत्वाच्या अर्जात भाषेचा पुरावा म्हणून चालतं. १८ ते ५४ वयाच्या सगळ्यांना तो पुरावा द्यावा लागतो, आणि या कागदामुळे परीक्षेची फी वाचते.

वर्गाचे तोटेही सांगते. विद्यार्थी वर्षभर केव्हाही येतात आणि केव्हाही जातात, त्यामुळे परवा झालेला विषय नव्या माणसासाठी पुन्हा निघतो. पुस्तक नसतं, झेरॉक्सांचा ढीग असतो. शिक्षक चांगला की कंटाळवाणा हे नशिबावर. आणि एकाच वर्गात डॉक्टर, रंगारी आणि आजी असल्या की कोणाला तरी वेग कमी वाटतो, कोणाला जास्त. एक-दोन आठवड्यांत अजिबात जमत नाही असं वाटलं तर दुसऱ्या केंद्रात बदली मागा. तुमच्या पील भागात दोन्ही मोठी स्कूल बोर्डं हे वर्ग चालवतात, शिवाय स्वयंसेवी संस्था आहेत. लाजायचं कारण नाही, लोक बदलून घेतात.

मिसिसागा-ब्रॅम्प्टनचा एक खास धोका आहे, तो व्हँकूव्हर बेटावर किंवा हॅलिफॅक्समध्ये नाही. इथे हिंदीवर दिवस निघतो. किराणा हिंदीत, बँकेत काउंटरवर पंजाबी ताई, दवाखान्यात गुजराती रिसेप्शनिस्ट, बसमध्ये सगळे आपलेच. वर्गातही मधली सुट्टी झाली की आपल्या उपखंडातली मंडळी एका टेबलाशी जमतात आणि चहाबरोबर हिंदी सुरू होते. मैत्री जरूर करा, परदेशात ती लागते. पण वर्गात बसायची जागा कोलंबियाच्या किंवा युक्रेनच्या बाईशेजारी धरा. तिला हिंदी येत नाही, तुम्हाला स्पॅनिश येत नाही, आणि दोघींना मुलांच्या शाळेबद्दल, महागाईबद्दल आणि नवऱ्याबद्दल बोलायचं असतं. मग मोडकं-तोडकं का होईना, इंग्रजीच. माझ्या वर्गात ज्यांचं बोलणं लवकर सुटलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची अशी एखादी मैत्रीण होती.

आता मराठी जिभेचं. शिक्षिका मराठी नसेल तर हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याला 'स्टेशन', 'स्कूल' सहज म्हणता येतं, आपल्याकडे ॲ आणि ऑ आहेत, त्यामुळे अर्धी लढाई आधीच जिंकलेली आहे. पण 'प', 'ट', 'क' हे आपण हवा न सोडता म्हणतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला या आवाजांबरोबर हवेचा झोत येतो, आणि इथल्या कानाला झोत लागला नाही की तो आवाज 'ब', 'ड', 'ग' वाटतो. तुम्ही 'पॅक' म्हणता, त्यांना 'बॅक' ऐकू येतं. तुम्ही 'कोट' म्हणता, समोरची 'गोट' ऐकून गोंधळते. टिश्यू पेपरची पट्टी ओठांसमोर धरा आणि 'पॅक' म्हणा. कागद हलला पाहिजे. ओठ पूर्ण मिटून म्हटलेल्या 'फळ'मधल्या 'फ'च्या अर्ध्या जोराने म्हणा, बरोबर येईल.

दुसरं, आपला एकच 'व' तिकडे दोन आवाजांचं काम करतो. एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेही लागत नाहीत. 'वेस्ट' म्हणजे दिशा म्हणायची असेल तर चंबू, बंडी म्हणायची असेल तर दात. आरशात बघून करा, घरात कोणी नसताना.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोर. मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो, किंवा पहिल्यावर जोर देतो. 'होटेल', 'डेव्हलप', 'इन्शुरन्स', 'कमिटी' या चारही शब्दांत इंग्रजीचा जोर दुसऱ्या अक्षरावर आहे. उच्चार थोडा चुकला तर लोक समजून घेतात, जोर चुकला तर शब्दच ओळखू येत नाही. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यातला फरकही जोराचाच. डॉक्टरची वेळ सव्वादोनची की दोन पन्नासची, हे त्यावर ठरतं. खात्री नसेल तर 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो' असं सरळ विचारा, इथले लोकही विचारतात.

'कॅन'चंही तसंच. 'आय कॅन कम ऑन मंडे' हे इथे बोलताना 'कॅन' इतका बारीक होतो की जवळजवळ 'कन' उरतो. नकारातल्या 'कॅन्ट'वर मात्र जोर असतो आणि शेवटचा 'ट' गिळला जातो. त्यामुळे तुम्ही शाळेत शिकवल्याप्रमाणे 'कॅन' ठासून, स्पष्ट म्हणालात तर समोरच्याला वाटतं की तुम्हाला सोमवारी जमणार नाही.

आणि होकार-नकार. रिसेप्शनिस्ट विचारते, 'यू डोन्ट हॅव युवर हेल्थ कार्ड?' आपण मराठीतल्या 'हो, नाहीये'च्या सवयीने 'येस' म्हणतो. तिच्या दृष्टीने 'येस' म्हणजे कार्ड आहे. ती हात पुढे करून वाट बघत राहते, आपण हसत उभे राहतो. नसेल तर 'नो, आय डोन्ट'. पूर्ण म्हणा, अर्धं सोडू नका.

'किती दिवसांत' याचं उत्तर: आठवड्याला पंचवीस तासांच्या पूर्णवेळ वर्गात एक पायरी चढायला बहुतेकांना तीन-चार महिने ते सहा महिने लागतात, अर्धवेळ किंवा संध्याकाळच्या वर्गात जास्त. पहिले काही आठवडे बोलण्यात फरक दिसत नाही, ऐकण्यात दिसतो. 'वॉटर'चा 'वॉडर' आणि 'टोरोंटो'चा 'टोरॉनो' कानाला ओळखीचा व्हायला लागतो. तिसऱ्या पातळीतून फाडफाड इंग्रजीपर्यंत दोन महिन्यांत नेतो असं कोणी खासगी क्लासवाला सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

खासगी क्लासला माझा सरसकट विरोध नाही. आयेल्ट्स किंवा सेलपिपची तारीख ठरलेली आहे आणि ठरावीक गुण हवेत, तर त्या परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास उपयोगाचा, कारण लिंकमध्ये परीक्षेची तयारी फारशी होत नाही. तुम्हाला तशी परीक्षा समोर दिसत नाही. तुमच्या पतपेढीच्या अनुभवाकडे बघता दुसरा रस्ता धरा. लिंकमध्ये बोलणं सीएलबी ६पर्यंत न्या, मग ओंटारिओच्या कॉलेजांमधला 'ऑक्युपेशन स्पेसिफिक लँग्वेज ट्रेनिंग' हा वर्ग अजून चालू आहे का ते बघा. तोही पीआर असलेल्यांना फुकट असतो, आणि हिशेब-व्यापार क्षेत्रातलं कामाच्या ठिकाणचं बोलणं शिकवतो: बैठकीत मत मांडणं, साहेबाला नाही म्हणणं, ईमेल लिहिणं. तुमच्या ओळखीतल्या कोणी याचं नाव काढलं नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. जाहिरात कोणी करत नाही.

यूट्यूबचं म्हणाल तर कान तयार करायला ठीक. पण तो तुमच्या उत्तरासाठी थांबत नाही, आणि तुमचा प्रश्न ऐकण्याचा नव्हता.

मुलीची चिंता कमी आहे. बऱ्याच लिंक केंद्रांत त्याच इमारतीत मुलं सांभाळायची फुकट सोय असते, तुम्ही वर्गात आणि ती खालच्या खोलीत. जागा मोजक्या, प्रतीक्षा यादी लांब. म्हणून असेसमेंटच्या दिवशीच 'चाइल्डमाइंडिंग हवं आहे' असं सांगा आणि ज्या केंद्रात ते आहे तिथेच नाव घालायला लावा. लसीकरणाचा कागद लागेल, भारतातला चालतो, पण वाचता येण्यासारखा हवा. मुलगी पहिले पंधरा दिवस रडेल. सासूबाई घरी आहेत म्हणून तिला त्यांच्याकडे ठेवायचा मोह होईल. माझं मत विचाराल तर घेऊन या. सप्टेंबरात ज्युनिअर किंडरगार्टनला जायच्या आत तिच्याही कानावर इंग्रजी पडलेलं बरं. नाहीच जमलं तर ऑनलाइन आणि संध्याकाळचे वर्ग आहेत. पण घरी बसून लॅपटॉपवर वर्ग म्हणजे मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच दाराची बेल. ज्यांचं तोंड उघडायचं बाकी आहे त्यांनी शक्यतो प्रत्यक्ष जावं.

सासूबाईंना लिंकमध्ये घेता येणार नाही. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण कागदोपत्री त्या पाहुण्याच. पुढे कधी त्यांचं पीआर झालं तर जरूर आणा. तोवर सार्वजनिक वाचनालय. टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, सगळीकडच्या वाचनालयांत इंग्रजी संभाषणाचे गट चालतात, गोल बसून तासभर गप्पा. तिथे सहसा व्हिसा विचारत नाहीत. त्यांना सुरुवातीला एका अक्षराचं कळणार नाही, तरी दोन-चार वेळा बरोबर जाऊन बसा. शेजारपाजारच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ज्येष्ठांचे गट असतात, तिथे पत्ते, व्यायाम, विणकाम चालतं. विणकामाच्या टेबलावर भाषा कमी लागते, म्हणून मी ते आधी सुचवते. घरी त्यांच्याकडून तीनच गोष्टी पक्क्या करून घ्या: घराचा पत्ता इंग्रजीत म्हणणं, तुमचा मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत, आणि ९११ ला फोन लावून 'ॲम्ब्युलन्स' आणि 'मराठी' हे दोन शब्द. तिथे दुभाषा जोडून देण्याची सोय असते, पण कुठली भाषा हे फोन करणाऱ्याने सांगावं लागतं.

राहिला पहिला फोन. असेसमेंट सेंटरचा नंबर २११ वर विचारला की मिळतो. तो फोन नवऱ्याला करू देऊ नका, तुम्हीच करा, सकाळी, मुलगी झोपलेली असताना. पीआर कार्ड समोर ठेवा. ते नाव आणि आडनावाचं स्पेलिंग विचारतील, जन्मतारीख, पत्ता पोस्टल कोडसकट, आणि कॅनडात केव्हा आलात ती तारीख. आडनावात 'व्ही' असेल तर 'व्ही ॲज इन व्हिक्टर' असं सांगा, नाहीतर वर म्हटलेल्या 'व'च्या भानगडीने कागदपत्रांत 'डब्ल्यू' पडेल आणि तो दुरुस्त करायला वेगळे फोन करावे लागतील. बोलणं समजलं नाही तर 'कॅन यू से दॅट अगेन, स्लोली?' त्यांना दिवसभर असेच फोन येतात, कोणी चिडत नाही. वेळ दिली की ती परत म्हणून दाखवा, वार आणि तारीख दोन्ही.